दुसऱ्या खेपेच्या दीर्घिका

ही हकीकत सांगायची मी चाळीसहून जास्त वर्षं टाळली. आधी वेळ नाही म्हणून, मग ऐकणारं योग्य माणूस नाही म्हणून, आणि निवृत्तीनंतर ही दोन्ही कारणं संपल्यावर, आता जुनं उकरून काय करायचं म्हणून. यंदा जानेवारीत पुण्याहून निघालो तेव्हाही घरी सांगितलं की ग्वाल्हेरचा किल्ला पुन्हा एकदा बघतो, थंडीतली गजक खातो आणि परत येतो. किल्ला पाहिला, गजकही खाल्ली. ज्यांनी ग्वाल्हेर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन्हींबद्दल लिहिणार आहे. पण मी गेलो होतो खासगी बाजारातल्या एका घरी, शरयू टेंबे नावाच्या बाईंना एक गोष्ट सांगायला.

निमित्त झालं एका शालीचं. दिवाळीनंतर पुण्यातल्या काही हौशी आकाशनिरीक्षकांनी माझा सत्कार केला. दीर्घिकांची यादी करणारे जुने अभ्यासक, अशी त्यांनी माझी ओळख करून दिली. मी शाल घेतली, नारळ घेतला, दोन शब्द बोललो. घरी येऊन शाल कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

लष्कर

लष्कर म्हणजे शिंद्यांच्या काळात वसलेलं ग्वाल्हेर. जानेवारीत इथे धुकं असं पडतं की दहा वाजले तरी समोरचं दुकान उघडं आहे की बंद ते कळत नाही. पुण्याच्या थंडीला आपण थंडी म्हणतो ते इथल्या लोकांना सांगू नये, हसतात. स्टेशनबाहेर ई-रिक्षावाल्याने विचारलं, "कहाँ, बाबूजी?" आणि मी सवयीने म्हणालो, "शिंदे की छावनी." अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की तो माझ्या तरुणपणातला पत्ता होता. तिथे आता माझं कोणी राहत नाही. खोली तर मी महाराज बाडा या मुख्य चौकाजवळ ठरवली होती. पण सांगायची लाज वाटली, म्हणून छावनीतच उतरलो आणि समोर दिसलेल्या दुकानात शिरलो.

तिथे बेडई खाल्ली. बेडई म्हणजे डाळ भरलेली जाड, खुसखुशीत पुरी. तिच्यावर बटाट्याची झणझणीत पातळ भाजी आणि शेजारी गरम जिलबी. सकाळी आठला एवढं खाऊन लोक कचेरीत जातात आणि कामही करतात. पुण्यात एवढ्यावर आपण रविवारची दुपार झोपून काढू. शेजारच्या दुकानात तीळ आणि गुळाचा गोळा दोघे जण लाकडी हातोड्यांनी कुटत होते. गजक अशी कुटून कुटूनच खुसखुशीत होते. मालक मराठी निघाले. माझं बोलणं ऐकून म्हणाले, "आपण पुण्याचे ना? लगेच माहीत पडलं. किती शुद्ध बोलून राहिलात! आमच्या मराठीची तर पूर्ण खिचडी होऊन गेली."

"मी इथलाच आहे," मी म्हणालो.

"असं? मग इतके दिवस कुठे होता?"

ते सहज बोलले. मी अर्धा किलो गजक घेतली आणि बाड्यापर्यंत टेंपोत बसून गेलो. गजक पिशवीत तळाशी आणि वर जाडजूड जुनी वही. उतरेपर्यंत गजकेचा चुरा झाला होता.

वहीबद्दल

त्या वहीबद्दल आता सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी इथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. एका वेधशाळेने आमच्याकडे आकाशाच्या छायाचित्रांच्या काचेच्या प्लेटी पाठवल्या होत्या. त्यांवर आभाळ पांढरं आणि तारे काळे दिसतात. ताऱ्यांच्या मध्ये तिळाएवढे धूसर डाग असतात, त्या दीर्घिका. प्रत्येक दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. आपली आकाशगंगा ही त्यांतलीच एक, फक्त आपण तिच्या आत बसलो आहोत म्हणून ती आपल्याला पट्ट्यासारखी दिसते. काम असं होतं : दिव्याच्या टेबलावर प्लेट ठेवायची, भिंगातून एकेक दीर्घिका बघायची आणि तिचा प्रकार लिहायचा.

बघायचं काम शरयूताईंचं. त्या हंगामी नेमणुकीवर होत्या, वय पंचवीस-सव्वीस, आणि त्यांच्यासारखी नजर मी नंतर कोणाचीच पाहिली नाही. त्या बोलत, मी लिहीत असे. प्रकारांना त्यांनी स्वयंपाकघरातली नावं दिली होती. लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे पेढा : गुळगुळीत, मध्ये उजळ, कडेला विरत जाणारी, बहुतेक म्हाताऱ्या तांबूस ताऱ्यांची, नवे तारे घडायला लागणारा वायू जवळजवळ संपलेली. सर्पिल म्हणजे चकली : चपटी तबकडी आणि तिच्यात गुंडाळलेल्या भुजा. त्या भुजांत वायू, धूळ आणि नव्याने जन्मलेले निळसर तारे. काही सर्पिलांच्या मधोमध सरळ पट्टा असतो आणि त्याच्या टोकांपासून भुजा निघतात. ती लाटणंवाली चकली. आपली आकाशगंगा त्या जातीची. तबकडी आहे पण भुजा नाहीत, ती भिंगाकार, म्हणजे बत्तासा. आणि कशातच न बसणारी अनियमित, म्हणजे सांडगा. पेढा आणि बत्तासा यांत भले भले फसतात. शरयूताई फसत नसत. "कडेला बघा ना, दातार, कशी एकदम संपते. पेढा असा संपत नाही."

चकलीचं आणखी एक नोंदवायचं होतं. भुजा उजवीकडे वळतात की डावीकडे.

पहिल्या खेपेला नऊ प्लेटी झाल्या. टेबलावर घासून ओरखडे पडायला लागले, म्हणून दुसऱ्या खेपेच्या अकरा प्लेटींना मी सागवानी चौकटी करून घेतल्या आणि माझ्या हाताने प्लेटी आत बसवल्या. अकराच्या अकरा उलट्या. काचेच्या एका बाजूला रासायनिक लेप असतो, तो कुठल्या बाजूला हवा ते मी बघितलंच नाही. उलट्या प्लेटीत चित्र आरशातल्यासारखं दिसतं. उजवी चकली डावी होते.

मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. कारण प्रत्येक प्लेटीबरोबर पारदर्शक कागदावरचा नकाशा होता, कुठल्या डागाचा कुठला क्रमांक ते सांगणारा. तो जुळेना. मी काय केलं, तर नकाशाच पालथा घातला. जुळला. पुढे दोन महिने मी कागदाच्या मागून क्रमांक उलटे वाचत होतो आणि नकाशा काढणाऱ्याला हसत होतो. तो नकाशा माझ्या बाजूला असे, शरयूताईंचा डोळा भिंगाला.

एकूण बेरजेत हे दिसून आलं नाही. आकाशात उजव्या आणि डाव्या जवळजवळ सारख्याच भरतात, कारण दीर्घिकेला स्वतःची अशी उजवी-डावी नसते. आपण ज्या बाजूने बघतो त्यावर ते ठरतं. पण वेधशाळेने आपल्याकडच्या छायाचित्रांशी एकेक दीर्घिका ताडून पाहिली आणि पत्र आलं : पहिली खेप अचूक आहे, दुसरीतली वळणं उलटी येत आहेत, एक तर प्लेटी पालथ्या लागल्या असाव्यात किंवा निरीक्षकाचा गोंधळ झाला असावा, तपासून कळवा. पत्र माझ्या नावाने होतं. मी त्याच संध्याकाळी एक चौकट खोलली. चौकटीखाली झाकलेला, प्लेटीच्या कोपऱ्यातला क्रमांक उलटा होता.

मी उत्तर लिहिलं : "प्लेटी तपासल्या. बरोबर आहेत."

दुसरी खेप रद्द झाली. निरीक्षकाची नजर भरवशाची नाही, असा शेरा पडला आणि शरयूताईंची नेमणूक पुढे चालली नाही. पहिली खेप, जी सगळी त्यांच्या डोळ्यांनी केलेली होती, ती माझ्या एकट्याच्या नावाने छापली गेली, कारण शेरा पडलेल्या माणसाचं नाव घालता येईना. त्या यादीवर मला पुण्याची नोकरी मिळाली.

खासगी बाजार

पहिल्या दिवशी संध्याकाळी गेलो. खाली कापडाचं दुकान, वर घर. दार उघडलं त्यांच्या भावजयीने. नलूवहिनी, पासष्टीच्या, भाऊ गेल्यापासून दोघी जणी एकत्र राहतात. मी फोनवर फक्त जुना सहकारी एवढंच सांगितलं होतं.

शरयूताई खुर्चीतून उठल्या. वाळलेल्या, ताठ, डोळ्यांवर जाड चष्मा. "दातार? अहो, केस कुठे टाकून आलात?"

"पुण्यात, कपाटात आहेत."

हसल्या. चहा आला, गप्पांत माझे लेख आणि दिवाळीनंतरची ती शालही निघाली, गजकेचा चुरा आम्ही चमच्याने खाल्ला. नलूवहिनी मटार सोलत होत्या आणि बोलत होत्या. "ताईंनी पूर्ण तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पण पेपर तपासले ना, की मला देणार. नलू, तू एकदा बघ. मी म्हणायची, अहो मला गणित थोडंच येतं? तर म्हणणार, येऊ नको देऊ, तू फक्त आकडा नीट दिसतो का ते बघ. स्वतःच्या डोळ्यांवर भरोसाच नाही यांना. सुईत दोरा ओवतील, तरी विचारतील, गेला ना?"

"अगं, माझे डोळे फसवतात," शरयूताई म्हणाल्या. "दातारांना माहीत आहे."

मी मटाराचे दाणे वेचत बसलो. जमिनीवर पडलेले सगळे वेचून वहिनींच्या पुढ्यात ठेवले, वही पिशवीतून काढलीच नाही. "उद्या चारला या," त्या म्हणाल्या, "आज तुम्ही दमलेले दिसता."

किल्ला

दुसऱ्या दिवशी चारपर्यंत वेळ काढायचा होता म्हणून किल्ल्यावर गेलो. चढ दमवणारा आहे. कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती चढणाऱ्याकडे बघत उभ्या असतात, काही चार-पाच माणसांएवढ्या उंच. मानमंदिर महालाच्या भिंतीवर निळ्या फरशीत पिवळ्या बदकांची रांग आहे. इतकी वर्षं गेली, बदकं तशीच ताजी. वाटेवरच्या एका लहान देवळात शिलालेख आहे आणि त्यात शून्य कोरलेलं आहे. रखवालदाराने बोट दाखवलं, "वो छोटा वाला गोला, बाबूजी. सब उसी को देखने आते हैं, फिर कहते हैं बस इतना सा?"

मला दिसायला वेळ लागला. तो म्हणाला, "आराम से देखिए, भागने वाला नहीं है."

उतरताना मी ठरवलं की दारातच सांगायचं. बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही.

तसंच केलं. जोडे न काढता उंबऱ्यात उभा राहिलो आणि म्हणालो, "शरयूताई, दुसऱ्या खेपेच्या प्लेटी मी उलट्या बसवल्या होत्या. तुमचे डोळे फसले नव्हते."

नलूवहिनींचा हात मटारात थांबला. शरयूताईंनी मान वर केली. मग जशा पूर्वी भिंगातून डोळा न काढता बोलत, तशा आवाजात विचारलं, "लेप कुठे होता?"

"वरच्या बाजूला."

"किती प्लेटी?"

"सगळ्या अकरा."

"नकाशा जुळला कसा मग?"

"तो मी पालथा घातला."

"अच्छा. म्हणून तुम्ही क्रमांक सांगताना अडखळत होता." त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "तुम्हाला कळलं कधी?"

"पत्र आलं त्या दिवशी."

"त्या दिवशी." त्या खिडकीकडे गेल्या. खाली बाजारात कोणीतरी रजया विकत होता. "वही आहे?"

"आणली आहे."

"उद्या नऊला वही घेऊन या." मी तोंड उघडलं, तर त्या वहिनींकडे वळल्या. "नलू, यांना चहा नको करू."

मराठी घरात, तेही ग्वाल्हेरच्या, दारात आलेल्या माणसाला चहा नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

तिसरा दिवस आणि चौथा

आज त्या प्लेटींची गरज राहिलेली नाही. सगळं आकाश टॅबलेटवर मिळतं. क्रमांक घातला की दीर्घिका समोर येते, आणि ती रंगीत असते. नलूवहिनींकडे टॅबलेट होता, भजनं ऐकायला घेतलेला. बसण्याची व्यवस्था शरयूताईंनी ठरवली : वहिनींनी वहीतला क्रमांक घालायचा, त्यांनी स्वतः बघायचं, मी नव्या पानावर लिहायचं. जुनं उत्तर त्यांना सांगायचं नाही.

सुरुवात करण्याआधी त्यांनी मला पारखून घेतलं. "हे चित्र उलटं नाही कशावरून?" मी उत्तर दिशेचा बाण दाखवला. "बाण काय, कोणीही काढेल." मग पहिल्या खेपेतल्या पाच दीर्घिका लावायला लावल्या. पाचही वळणं जुन्या नोंदींशी जुळली तेव्हा म्हणाल्या, "ठीक. आता दुसरी खेप."

दुसऱ्या खेपेत एकशे चाळीस चकल्या होत्या. पहिलीला त्यांनी फार वेळ लावला. "उजवी," म्हणाल्या. लगेच, "थांबा. नलू, तुला काय दिसतं?"

"मला तर भोवरा दिसतो, ताई."

"भोवरा कुठे फिरतो?"

"घ्या! आता भोवऱ्याचं पण मीच सांगू?"

पहिल्या वीस-पंचवीस अशाच गेल्या. प्रत्येक वेळी नलूला विचारायचं, नलूने काहीतरी बोलायचं. मी लिहीत होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो. तिसावीला म्हणालो, "शरयूताई, मला तुमची..."

"पुढची," त्या म्हणाल्या.

चाळिसावीच्या आसपास त्यांनी नलूला विचारणं बंद केलं. कधी बंद केलं ते नेमकं सांगता येणार नाही. आवाज मात्र बदलला. उजवी. डावी. डावी, आणि लाटणं आहे, तुम्ही तेव्हा लाटणं लिहिलं होतं का? उजवी. पुढची.

दुपारी ताट वाढलं. मटाराची उसळ, कढी, गरम फुलके. मी संकोचलो तेव्हा नलूवहिनी हळूच म्हणाल्या, "खाऊन घ्या. ताईंनी सांगितलंय, जेवण द्यायचं, चहा नाही. म्हणे, चहा पाहुण्याला, जेवण कामावरच्या माणसाला."

दुपारनंतर मी पुन्हा प्रयत्न केला. "मी तेव्हा जे उत्तर लिहिलं..."

"दातार, सत्तावन्न नंबरची राहिली आहे. पुढची."

चौथ्या दिवशी बाराला एकशे चाळीस झाल्या. मी दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि जुनं उत्तर वाचत गेलो. उजवी होती तिथे डावी, डावी होती तिथे उजवी. एकामागून एक सगळी नेमकी उलट. फक्त तीन ठिकाणी जुनं आणि नवं सारखंच होतं. उलट्या प्लेटीत उत्तरही उलटंच यायला हवं होतं, म्हणजे तिथे त्या वेळी खरंच त्यांची चूक झाली होती.

मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्या तर सरसावून बसल्या. "दाखवा." तिन्ही पुन्हा पाहिल्या. भुजा अगदी पुसट, कोणीही चुकावं अशा. "या तीन माझ्या," त्या म्हणाल्या. "या माझ्या नावाने लिहा. बाकीच्या तुमच्या." आणि जवळजवळ खुशीत नलूला म्हणाल्या, "एकशे चाळीसमध्ये तीन. वाईट नाही ना ग?"

"ताई, पेपरमध्ये याहून जास्त चुका मी काढल्यात."

"त्या तू काढल्यास. पण पुन्हा बघितलं तर मी तपासलेलंच बरोबर असायचं."

मग त्यांनी मला लिहायला सांगितलं. निरीक्षक, शरयू टेंबे. लेखनिक, दातार. प्लेटी उलट्या बसवल्या, दातार. वेधशाळेला खोटं उत्तर दिलं, दातार. पहिली खेप, निरीक्षक शरयू टेंबे, यादीत नाव घातलेलं नाही. मी सही केली. "हे वेधशाळेला जाईल," त्या म्हणाल्या. "त्या शालवाल्यांना पण. आणि तुम्ही लिहिता ना कुठे कुठे? तिथेही. मराठीत, सगळ्यांना समजेल असं. माझं नाव टेंबे, ते नीट छापून यायला हवं."

वेधशाळेला आणि पुण्याच्या मंडळींना पत्रं गेली आहेत. शाल परत केली. हा लेख तिसरा.

माझी गाडी अडीचची होती. मी उठलो, जोडे घातले. मला वाटलं, आता काम संपलं आहे, आता त्या ऐकतील. उंबऱ्यातून वळलो. पण त्यांनी वहीची पहिली पानं उघडली होती. "नलू, आता पहिली खेप घेऊ. तीही पुन्हा एकदा बघून टाकू."

"अहो, यांची गाडी आहे ना. लिहिणार कोण?"

"तू लिही."

"आणि नंबर कोण घालणार?"

"ते पण तूच. घाल पहिला."

त्यांनी टॅबलेट हातात घेतला होता आणि मान खाली होती. मी म्हणालो, "शरयूताई."

"पेढा," त्या म्हणाल्या. "पुढची."

खाली बाजारात रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी निघालो. जे बोलायचं राहिलं ते इथे लिहितो.

शरयूताई, नेमणूक संपल्याचं कळलं त्या दिवशी तुम्ही मला कॉलेजच्या जिन्यात थांबवलं होतं. हातात डबा होता तुमच्या. तुम्ही विचारलंत, "दातार, माझंच चुकलं का हो?" आणि मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." मी खोटं बोललो. नाही, तुमचं चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते माझं, आणि ते मला माहीत होतं. मला माफ करा.